परक्याची माहिती ही ठेव आहे

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी सुताचे भाव, केळीचा हंगाम, कर-आकारणीतील फेरफार आणि दिवंगत सभासदांचे स्मरण यांना जागा मिळते, आणि ती मिळालीच पाहिजे. यंदा त्यांच्याच शेजारी थोडी जागा आम्ही एका वेगळ्या प्रश्नासाठी मागून घेत आहो. आपल्या पेढ्यांवर काम शिकण्यासाठी जे विद्यार्थी येतात, त्यांच्या हाती आपण पहिल्याच दिवशी काय देतो, आणि ते कसे सांभाळावे हे त्यांना कोण शिकवितो, हा तो प्रश्न होय.

असे विद्यार्थी पूर्वीही येत असत. परंतु ते बहुधा आपल्याच नात्यागोत्यातील असत. आता ती स्थिती राहिलेली नाही. मध्यप्रदेशात २०२१ सालापासून नवे शैक्षणिक धोरण अमलात आले आणि पदवीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला स्थान मिळाले. २०२३ साली राज्य सरकारने ‘सीखो-कमाओ’ योजना काढली. तीत अठरा ते एकोणतीस वर्षांच्या तरुणांना काम शिकत असताना दरमहा आठ ते दहा हजार रुपये विद्यावेतन देण्याची तरतूद करण्यात आली. या मार्गांनी आणि ओळखीपाळखीनेही वाणिज्य शाखेची मुले-मुली सूतबाजारातील पेढ्यांवर, केळीच्या वखारींवर, कर-सल्लागारांच्या कचेऱ्यांत येऊन बसू लागली आहेत. मुले हुशार आहेत. संगणकावर त्यांची बोटे आपल्यापेक्षा चौपट वेगाने चालतात. म्हणूनच की काय, आपण त्यांना लगोलग खुर्ची देतो, पडद्याच्या कडेला चिकटविलेल्या चिठ्ठीवरचा परवलीचा शब्द दाखवितो, आणि ‘बसा, बिले चढवा’ म्हणून मोकळे होतो.

त्या पडद्यामागे काय असते, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. केळी घालणाऱ्या शेतकऱ्याची ऋणपुस्तिका, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान, आधारपत्राची प्रत आणि समग्र क्रमांक. त्या समग्र क्रमांकाबरोबर त्याच्या घरातील सर्व माणसांची नावे. यंत्रमाग चालविणाऱ्या कारागिराचा मोबाइल क्रमांक, त्याने घेतलेली उचल, ती कोणत्या कारणासाठी घेतली याची कोपऱ्यात केलेली नोंद. गिऱ्हाईक दुकानदारांची उधारी, कोणाचा धनादेश परत आला, कोणी मुदत मागितली, कोणाच्या घरी दुखणे आहे म्हणून वसुली लांबली. ही सगळी मंडळी आपल्याकडे व्यवहारासाठी आली. आपल्या संसाराचे पान कोणा अठरा वर्षांच्या अनोळखी मुलासमोर उघडे पडेल, अशी त्यांची कल्पनाही नव्हती. या सगळ्याला आज ‘डेटा’ असे एकच कोरडे नाव मिळाले आहे. त्या नावामुळे एक तोटा असा झाला की, ही माणसांची गुपिते आहेत हे ऐकणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. आम्ही या लेखात माहिती हाच शब्द वापरू.

बुऱ्हाणपूरला हा विषय परका नसावा. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये या गावावरून गेला, तेव्हा येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. तापीकाठच्या विणकराच्या कापडाला इतका दूरचा प्रवास घडत होता, तो हुंडीच्या आणि शब्दाच्या आधारावर. ज्या गावी आपण कधी जाणार नाही तेथील आडत्याच्या हाती आपली पत सोपविल्याखेरीज हा व्यापार एक दिवसही चालला नसता. याच तावेर्नियेने दक्षिणेतील हिऱ्यांच्या खाणीवर पाहिलेल्या सौद्याचे वर्णन केले आहे. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसत. एकमेकांचा हात वस्त्राखाली धरून बोटांच्या दाबाने भाव सांगत. भोवती माणसे उभी असूनही सौदा कितीला ठरला हे तिसऱ्याला कळत नसे. आपल्याकडच्या बैलबाजारात रुमालाखाली हात घालून भाव ठरविण्याची रीत आपणांपैकी अनेक वडीलधाऱ्यांनी पाहिली असेल. त्या रुमालामागे मोठी समजूत होती. सौदा ज्या दोघांत होतो त्या दोघांचाच तो असतो, भोवतालच्या गर्दीचा नव्हे.

जुन्या पेढीवरच्या उमेदवारीलाही हीच समजूत घडवीत असे. नव्या पोराला वही लवकर हाती लागत नसे. दुकान झाडणे, गादी-तक्के मांडणे, निरोप पोहोचविणे, पत्रांच्या नकला करणे यांत कित्येक महिने जात. त्या काळात मुनीमजी त्याचे अक्षर जितके पाहत, तितकीच त्याची जीभही पाहत. चहाच्या दुकानात तो काय बोलतो, घरी जाऊन आईला काय सांगतो, याचा सुगावा त्यांना लागत असे. ज्याच्या पोटात गोष्ट राहते त्यालाच रोजमेळाजवळ बसविले जाई, आणि खतावणी तर फार पुढची पायरी. या पद्धतीत जाच होता, पुष्कळ वेळा ती केवळ फुकट राबवून घेण्याची सबब होती, हे आम्ही नाकारीत नाही. तिची पुनःस्थापना करा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परंतु त्या दिरंगाईत एक शिक्षण दडलेले होते. दिरंगाई गेली आणि तिच्याबरोबर ते शिक्षणही गेले. त्याच्या जागी आपण काहीच ठेवले नाही.

आपल्या समाजाच्या एका पूर्वजाचे येथे स्मरण होते. जौनपूर येथे १५८६ साली जन्मलेले आणि पुढे आग्र्यास स्थायिक झालेले व्यापारी-कवी बनारसीदास यांनी १६४१ साली ‘अर्धकथानक’ नावाचे आत्मचरित्र पद्यात लिहिले. हिंदी भाषेतील ते पहिले आत्मचरित्र मानले जाते. त्यात व्यापारातील बुडीत खाती, फसलेल्या फेऱ्या, घरातील मृत्यू हे सारे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. आणि तरीही शेवटाकडे येताना माणसाने उघड करू नयेत अशा नऊ गोष्टींचा उल्लेख केला. वय, संपत्ती, घरातील वर्तन, दान, मानापमान, औषध इत्यादी गोष्टी त्यांत येतात. वाचकांनी ही यादी आजच्या पेढीवरच्या संगणकाशी ताडून पाहावी. वय आधारपत्रात आहे, संपत्ती बँकेच्या उताऱ्यात आहे, दान पावतीपुस्तकात आहे, औषध दवाखान्याच्या बिलात आहे. चारशे वर्षांपूर्वी जे सांगू नये म्हणून ठरले होते, त्यातील निम्म्याहून अधिक आज एका कळीच्या अंतरावर येऊन बसले आहे. बनारसीदासांनी आपल्या घरचे स्वतः सांगितले, कारण सांगणे-न सांगणे त्यांच्या हातात होते. ज्या शेतकऱ्याचे पासबुक आपल्या कपाटात आहे त्याला ही निवड आपण ठेवली आहे काय?

याही मागे गेलो तर तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आहे. पाठशाळेत आपण सर्वांनी तो पाठ केला. पेढीवर बसल्यावर तो आठवतो की नाही, हे ज्याचे त्याने पाहावे. गृहस्थाच्या सत्यव्रताचे जे अतिचार त्यात सांगितले आहेत, त्यांत केवळ खोटे बोलणे येत नाही. एकांतातील गोष्ट उघड करणे, म्हणजे रहोभ्याख्यान, हा सत्यव्रताचाच भंग मानला आहे. सांगितलेली गोष्ट खरी असली तरीही. दुसऱ्याने न लिहिलेले त्याच्या नावावर लिहिणे ही कूटलेखक्रिया. आम्हांला सर्वांत मार्मिक वाटतो तो न्यासापहार. टीकाकारांनी त्याचे जे स्पष्टीकरण केले आहे ते व्यापाऱ्याने मनात कोरून ठेवावे असे आहे. एखाद्याने ठेव ठेवली आणि कालांतराने तिचा आकडा विसरून तो कमी मागू लागला. तेव्हा ठेव सांभाळणारा ‘होय, तेवढीच होती’ म्हणून तेवढीच परत करतो, हा न्यासापहार. येथे कोणी कुलूप फोडले नाही, कोणाचा हात पिरगळला नाही. देणाऱ्याच्या विस्मरणाचा फायदा घेतला, एवढेच.

माहितीच्या बाबतीत नेमके हेच घडते. शेतकरी पैसे जमा होण्यासाठी पासबुकाची प्रत देतो आणि विसरून जातो. कारागीर उचल घेताना आधारपत्र देतो आणि विसरतो. गिऱ्हाईक लग्नाच्या खरेदीच्या वेळी मोबाइल क्रमांक सांगतो आणि विसरतो. आपण मात्र विसरत नाही. तो क्रमांक आपण दुसऱ्या दुकानाला जाहिरातीसाठी देतो, ती प्रत दुसऱ्याच कामाला लावतो, आणि विचारणारा कोणी नसल्यामुळे ती आपलीच मालमत्ता आहे असे समजू लागतो. पाचवा अतिचार साकारमंत्रभेद: चेहऱ्यावरून, हालचालीवरून दुसऱ्याचा गुप्त हेतू ओळखून तो तिसऱ्याला सांगणे. सूत उचलण्याचे दिवस लांबले, रक्कम तुकड्या-तुकड्यांनी येऊ लागली, एवढ्यावरून एखाद्या पार्टीची ओढाताण खातेवहीत स्पष्ट दिसते. ती ओळखणे हा धंद्याचा भाग आहे. बाजारात सांगत सुटणे हा त्या माणसाचा घात आहे. आज मोठमोठ्या कंपन्या याच रीतीने लोकांच्या खरेदीवरून त्यांच्या घरातील गोष्टी ताडतात आणि त्याला शास्त्र म्हणतात. आमच्या मते त्याचे खरे नाव आपल्या ग्रंथात आधीच दिलेले आहे.

आता कोणी म्हणेल, हे सारे ठीक. पण संगणकाला कुलूप असते, परवलीचा शब्द असतो, दारावर कॅमेरा असतो. मग मुलांना शिकविण्याची एवढी आवश्यकता काय? या आक्षेपाचे उत्तर पुण्यास २००५ साली मिळून चुकले आहे. अमेरिकेतील सिटीबँकेच्या ग्राहकांचे दूरध्वनी घेण्याचे काम तेथे एम्फसिस या कंपनीच्या सेवाकेंद्रात चाले. काम करणारी मुले तरुण, सुशिक्षित आणि इंग्रजी सफाईने बोलणारी होती. त्यांतील काहींनी चार ग्राहकांचा विश्वास संपादन करून त्यांचे गुप्त क्रमांक काढून घेतले आणि बनावट नावांनी पुण्यात उघडलेल्या खात्यांत सुमारे साडेतीन लाख डॉलर वळविले. एप्रिल महिन्यात पुणे पोलिसांनी त्यांना पकडले. या प्रकरणातील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या केंद्रात येता-जाता झडती होत असे, कोणास काही लिहून बाहेर नेता येत नसे, असे त्या वेळी सांगण्यात आले. मुलांनी आकडे डोक्यात ठेवून बाहेर नेले. कोणतेही यंत्र फोडावे लागले नाही. झडतीला डोक्याच्या आत शिरता येत नाही. तेथे पोहोचतो तो फक्त संस्कार, आणि तोही वेळेवर झाला असेल तर.

पुण्याच्या मुलांनी जाणूनबुजून चोरी केली. आपल्याकडे येणारा सामान्य विद्यार्थी चोर नसतो; त्याच्या हातून जे घडते ते अजाणतेपणी घडते. समजा, शेठजी बाहेरगावी आहेत आणि त्यांनी एका पार्टीची बाकी विचारली. मुलगा पडद्याचे छायाचित्र काढून पाठवितो. घाईत ते शेठजींऐवजी चाळीस माणसांच्या व्हॉट्सअॅप गटावर जाते. त्या चाळिसांत त्या पार्टीचा व्याही असतो. दोन मिनिटांत छायाचित्र पुसले तरी पाहणाऱ्यांनी पाहिलेले असते. पूर्वी एका माणसाचे खाते दुसऱ्याला कळायचे तर कोणीतरी ते बसून उतरून घ्यावे लागे. त्या अर्ध्या तासात मनाला विचार करण्यास सवड मिळे. आज नक्कल करण्यास श्रम नाहीत, म्हणून विचारही नाही.

आणि एवढ्याशा कागदातून काय उभे राहू शकते, हे २०२३ साली पालिताण्यासारख्या आपल्या तीर्थक्षेत्री उघडकीस आले. सरकारी योजनेचा लाभ मिळेल असे सांगून गरीब माणसांना बोलाविण्यात आले, आधार केंद्रावर त्यांचे अंगठे घेऊन त्यांच्या आधाराला जोडलेले मोबाइल क्रमांक बदलण्यात आले, आणि त्यांच्या नावावर बनावट पेढ्यांची जीएसटी नोंदणी करण्यात आली. ज्या मजुराने कधी तराजू धरला नाही तो कागदोपत्री व्यापारी होऊन बसला. त्याच वर्षी १६ मेपासून दोन महिने देशभर बनावट नोंदणी शोधण्याची मोहीम सरकारला हाती घ्यावी लागली. त्या मोहिमेत पुष्कळ सचोटीच्या व्यापाऱ्यांनाही तपासणीला तोंड द्यावे लागले, हे आपणांस आठवत असेल. परक्या माणसाच्या आधारपत्राची प्रत आपल्या दुकानात कोठे पडलेली आहे, हा प्रश्न आपल्या स्वतःच्या धंद्याशीही असा येऊन भिडतो.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण सभासदांना कायद्याची भीती घालून शहाणपण येते यावर आमचा फारसा विश्वास नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा एकमताने दिला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास त्यापासून अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये आहे. एवढा दंड आपल्या बाजारातील पेढीला होईल असे नव्हे, परंतु विषय किती गंभीर मानला गेला आहे ते त्यावरून दिसते. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपले आणि ती ठेवण्यास दुसऱ्या कायद्याचा आधार नसला, तर ती पुसून टाकावी, असा या अधिनियमाचा रोख आहे. संमती मागताना इंग्रजीबरोबर आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत ती वाचण्याची सोय असली पाहिजे, असेही त्यात आहे. आपल्या गावी ही तरतूद फार उपयोगी पडावी. शेतकऱ्याची मराठी, विणकर बंधूंची उर्दू, बाजाराची हिंदी आणि आपल्या घरांतील गुजराती या चारही भाषा त्या परिशिष्टात आहेत. एक गंमत मात्र सांगितली पाहिजे. हा अधिनियम डिजिटल माहितीपुरता आहे. लाल कापडात बांधलेल्या वहीला तो लागू नाही. परंतु त्या वहीच्या पानाचे छायाचित्र मोबाइलमध्ये घेतले की ते पान कायद्याच्या कक्षेत येते. आपल्या मुनीमजींची वही दोन्ही काळांत सुरक्षित होती. अडचण उभी राहते ती खिशातल्या यंत्रापासून.

मग शिकवावे कसे? व्याख्यानाने हे साधणार नाही. वर्षातून एकदा कोणा तज्ज्ञास बोलावून दोन तास भाषण ठेवले, हार-तुरे झाले, अल्पोपाहार झाला, की मुलांच्या लक्षात अल्पोपाहार तेवढा राहतो. हे शिक्षण पेढीवर आणि कामातूनच व्हावे लागेल.

आमची पहिली सूचना अशी की, नव्या उमेदवाराने पहिला पंधरवडा खऱ्या खात्यांना हात लावू नये. शिकण्यासाठी त्याला एक सरावाची वही द्यावी. संगणकावर टॅलीमध्ये एक वेगळी, काल्पनिक पेढी उघडणे ही दहा मिनिटांची गोष्ट आहे. बिले चढविणे, ताळा घेणे, जीएसटीची विवरणे तयार करणे हे सारे त्याने त्या पेढीवर शिकावे; चुका कराव्या, पुसाव्या, पुन्हा कराव्या. खऱ्या माणसाचे खाते हे शिकाऊ हातांसाठी नसते. तो पंधरवडा संपल्यावर त्याला त्याच्या स्वतःच्या नावाचा प्रवेश द्यावा, आणि जे काम सोपविले असेल तेवढ्याच खात्यांपुरता द्यावा. सर्वांनी मिळून एकच परवलीचा शब्द वापरणे म्हणजे तिजोरीची किल्ली खुंटीवर टांगणे होय. काही बिघडले तर कोणाच्या हातून बिघडले हे कळत नाही, आणि संशय नेहमी सर्वांत धाकट्यावर येतो. कंपन्यांच्या हिशेबात प्रत्येक फेरफाराची नोंद आपोआप राहील अशी व्यवस्था १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची झाली आहे. आपल्या भागीदारीच्या पेढ्यांना ती सक्ती नसली तरी ती सोय वापरण्यास कोणाची हरकत असावी?

दुसरी गोष्ट कागदांची. कोणतीही प्रत घेताना ती कशासाठी आणि कोणत्या तारखेला घेतली हे त्या प्रतीवरच आडवे लिहून घेण्याची सवय मुलाला पहिल्या दिवसापासून लावावी. आधारपत्राची प्रत लागणारच असेल तर केवळ शेवटचे चार आकडे दिसणारी, बाकीचे झाकलेली प्रत मिळते, ती मागावी. त्याहून चांगले म्हणजे, कागद पाहून काम होत असेल तर पाहून परत द्यावा. जीएसटीच्या कायद्याने हिशेबाचे कागद वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून बहात्तर महिने ठेवणे भाग आहे, ते ठेवावेच. परंतु शेतकऱ्याच्या कुटुंबाचा समग्र क्रमांक त्या हिशेबात येतो कोठे? परिग्रहाचे परिमाण आपण धान्याला, सोन्याला, घराला लावतो. माहितीच्या परिग्रहालाही मर्यादा घालून घेण्यास कोणत्या आचार्यांनी मनाई केली आहे? आणि जे कागद टाकायचे ते फाडून टाकावेत. बाजारात शेंगदाण्याची पुडी उलगडली आणि आत कोणाच्या तरी पासबुकाची छायाप्रत निघाली, हा अनुभव ज्यांना आला नसेल त्यांनी एकदा रद्दीच्या गठ्ठ्यात हात घालून पाहावा.

तिसरी गोष्ट दूरध्वनीची. ‘बँकेतून बोलतो आहे, अमक्या पार्टीचा क्रमांक द्या’, ‘मी शेठजींचा मित्र आहे, तमक्याकडे किती बाकी आहे सांगा’, असे फोन येतात. नवखा मुलगा अदबीने वागावे म्हणून सांगून टाकतो. त्याला एक वाक्य पाठ करून द्यावे: ‘शेठजींना विचारून आपल्याला कळवितो.’ हे वाक्य त्याने आम्हांलाही ऐकवावे, गावच्या नगरशेठांनाही ऐकवावे. मुनीमजींनी महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या फोनवरून त्याची परीक्षा घ्यावी. मुलांना यात मौज वाटते आणि धडा पक्का होतो.

सर्वांत कठीण शिक्षण मात्र मालकाचे आहे. चूक झाली तर मुलाने ती ताबडतोब सांगितली पाहिजे, हे खरे. पण सांगितल्यावर काय होते ते पाहूनच तो पुढच्या वेळी सांगायचे की नाही हे ठरवील. चारचौघांत त्याचा पाणउतारा केला, विद्यावेतन कापले, तर दुसरी चूक तो पोटात ठेवील, आणि चुकीच्या ठिकाणी गेलेली माहिती तासातासाने पसरत राहील. पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर पहिल्या तासात कळविणे आणि दुसऱ्या दिवशी कळविणे यांत पैसे परत मिळणे आणि न मिळणे एवढा फरक पडू शकतो. नव्या कायद्यानेही माहिती फुटल्यास संबंधित माणसाला आणि मंडळाला कळविण्याचे बंधन घातले आहे. ज्या पेढीवर धाकटा निर्भयपणे ‘चुकले’ म्हणू शकत नाही, त्या पेढीला आपले काय फुटले हेच कळणार नाही.

मालकांसंबंधी आणखी एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. उमेदवार मध्येच सोडून जाऊ नये म्हणून त्याच्या मूळ गुणपत्रिका, कधी आधारपत्रही, पेढीवर अडकवून ठेवण्याची चाल काही ठिकाणी आहे. असे कागद अडकविणारा मनुष्य त्याच मुलाला दुसऱ्याच्या कागदांची प्रतिष्ठा कोणत्या तोंडाने शिकविणार? मूळ कागद पाहून त्याच दिवशी परत करावेत. मुलगीही शिकण्यास येते. तिचा क्रमांक व तिचे छायाचित्र बाजाराच्या गटांवर फिरविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिलेला नाही.

काही सभासद असे विचारतील की, मग पेढीपेढीतील चौकशीचे काय? नवी पार्टी उधार मागते तेव्हा तिच्याविषयी दुसऱ्याला विचारल्याखेरीज व्यापार कसा करावा? हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे सोपे उत्तर आमच्याजवळ नाही. पतीची चौकशी बंद पडली तर उधारी बंद पडेल, आणि पहिला फटका बसेल तो ज्याच्याजवळ गहाण ठेवण्यास काही नाही अशा लहान माणसाला. परंतु जुन्या पेढ्यांची चौकशी कशी होती हे आठवावे. विचारणारा मालक असे आणि उत्तर देणारा मालक असे. उत्तर आपल्याशी झालेल्या व्यवहारापुरते आणि एका ओळीचे असे. ‘आमच्याशी व्यवहार चोख’, किंवा ‘आपण विचार करून पाहावा’. शहाण्याला तेवढे पुरे होई. खात्याचा उतारा कोणी कोणाला पाठवीत नसे. ही मर्यादा आज पाळता येणार नाही असे काही आम्हांस दिसत नाही. उमेदवाराने मात्र अशा चौकशीत पडूच नये. ते काम मालकाच्या जबाबदारीवर मालकाने करावे.

‘आमचे दुकान ते केवढे, आमच्याकडून माहिती घेऊन कोण काय करणार’, हा दुसरा आक्षेप आम्ही फारसा विचारात घेत नाही. ज्याचे पासबुक आहे त्याला आपले दुकान लहान की मोठे याच्याशी कर्तव्य नसते.

दिवाळीला आपण वहीपूजन करतो. अलीकडे वहीशेजारी संगणकावरही कुंकवाने स्वस्तिक काढलेले दिसते. कोणी हसले तरी आम्हांला त्यात वावगे वाटत नाही. वहीचा मान तिच्या वारसाला मिळाला एवढेच. त्या दिवशी पूजेपूर्वी अर्धा तास काढून गेल्या वर्षीचे नको असलेले कागद आणि नको असलेल्या नोंदी उमेदवाराकडून आपल्या देखत नष्ट करवून घेतल्या, तर त्याला या विषयाचा एक धडा न बोलता मिळेल.

संस्थेने एवढे करावे, अशी आमची विनंती आहे. नवे शैक्षणिक सत्र सुरू होण्यापूर्वी सरावाच्या वहीचा एक नमुना तयार करून तो सर्व सभासद पेढ्यांना द्यावा: शंभरएक व्यवहार, दहा-बारा पार्ट्या, उधारी, परत आलेला धनादेश, एक-दोन मुद्दाम ठेवलेल्या चुका. त्यात गावातील कोणाचे खरे नाव चुकूनही येऊ नये म्हणून पार्ट्यांना नद्यांची नावे द्यावीत. तापी ट्रेडर्सकडे पूर्णा ब्रदर्सची बाकी निघाली तर कोणाचे काही बिघडत नाही. दोन जुन्या मुनीमजींनी आणि संगणक जाणणाऱ्या दोन तरुणांनी एकत्र बसल्यास हे काम तीन-चार रविवारांचे आहे. बसण्यास आमची पेढी रविवारी मोकळी असते.